राग आल्यावर हात आवरणं शाळेत शिकवता येतं का?

पाटीपेन्सिल

मी पाचवीला शिकवते. वर्गात ३८ मुलं आहेत. यंदापासून आमच्या शाळेत आठवड्यातून एक तास सामाजिक-भावनिक कौशल्यांसाठी ठेवलाय. त्यासाठी कृतिपुस्तिका आहे, चित्रं आहेत, रंगवायचे चेहरे आहेत. या तासाची तयारी मी मनापासून करते, कारण हा विषय शाळेत असायला हवा असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात 'रागावर ताबा' हा पाठ झाला. थांबा, श्वास घ्या, दहा अंक मोजा, काय वाटतंय ते स्वतःला सांगा, मग बोला. अशा पाच पायऱ्या. एका मुलाने पाचही न चुकता सांगितल्या, वर स्वतःची उदाहरणंही दिली. मी वर्गासमोर त्याचं कौतुक केलं. पुढच्याच तासाला गटकार्य होतं. त्याने चार दिवस खपून पुठ्ठ्याचा पूल केला होता, त्यावर दुसऱ्या मुलाचा पाय पडला. मुद्दाम नाही, मी समोरच उभी होते. याने हातातली कंपासपेटी भिरकावली आणि ती लागली तिसऱ्याच मुलीच्या कपाळाला. खोक पडली नाही, पण टेंगूळ आलं आणि पोरगी घाबरून गेली.

शाळा सुटल्यावर मी त्याला जवळ बसवलं. ओरडले नाही. एवढंच विचारलं, "पायऱ्या आठवल्या नाहीत का रे?"

तो म्हणाला, "आठवल्या बाई. पण तोवर हात सुटला होता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो खोटं बोलत नव्हता, सबबही सांगत नव्हता. त्याला जे घडलं ते त्याने सांगितलं. मग मी त्या तासाला नक्की काय शिकवलं? उत्तर पाठ करून घेतलं, एवढंच?

तो तास बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण तो असाच चालवत राहायचा आणि आपण काहीतरी केलं असं समाधान मानायचं, हेही जमणार नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात केलंय त्यांचे अनुभव ऐकायचे आहेत. आईवडिलांचेही. घरी काय वेगळं दिसतं, काय उलटं पडलं, तेही मोकळेपणाने सांगा.


निळीशाई

पाटीपेन्सिल, तुमच्या विद्यार्थ्याने या विषयातला सगळ्यात कठीण प्रश्न एका वाक्यात मांडलाय. मी शिक्षणशास्त्राची अभ्यासक आहे, वर्गावर रोज उभी नसते. त्यामुळे संशोधनातून जे दिसतं तेवढंच लिहिते.

'शिकवता येतं का' याचं उत्तर बऱ्यापैकी ठामपणे 'हो' असं आहे. जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली शाळांमधल्या अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मिळून २,७०,०३४ विद्यार्थी होते. मुलांचं वागणं, एकमेकांशी जुळवून घेणं, मनावरचा ताण, सगळ्यांत फरक दिसला. अभ्यासातली प्रगतीही सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे गेली. म्हणजे शंभरांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकतं. 'अभ्यासाचा वेळ वाया जातो' म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवा.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळे उपक्रम सारखे उपयोगी ठरले नाहीत. ज्यांत कौशल्य टप्प्याटप्प्याने बांधत नेलं होतं, मुलं ते स्वतः करून पाहत होती, त्यासाठी राखलेला वेळ खरोखर त्यालाच मिळत होता आणि 'आज आपण नेमकं हे शिकतोय' असं मुलांना स्पष्ट सांगितलं जात होतं, ते उपक्रम उजवे ठरले. जिथे अंमलबजावणी ढिली होती तिथे परिणामही विरळ झाला.

याची उलट बाजू इंग्लंडमध्ये दिसली. तिथे याच कौशल्यांसाठी 'सील' नावाचा कार्यक्रम २००५ पासून प्राथमिक आणि २००७ पासून माध्यमिक शाळांत आणला गेला. माध्यमिक शाळांमधल्या कार्यक्रमाचं मूल्यमापन २०१० साली आलं, त्यात मुलांच्या कौशल्यांवर किंवा मनःस्वास्थ्यावर दखल घ्यावी असा परिणाम आढळला नाही. प्रत्येक शाळेने आपापल्या सोयीने त्यातलं हवं ते उचललं होतं. कल्पना चांगली असून भागत नाही. आठवड्यातून एकदा पुस्तिका उघडणं आणि मिटणं, याने हात थांबणार नाही.


मधली_सुट्टी

मी शिक्षक नाही, एका नऊ वर्षांच्या मुलीचा बाबा आहे. आमचा अनुभव वाईट आहे. तो इथे सांगायलाच हवा असं वाटतं.

मुलीच्या शाळेत सगळ्यांना गोल बसवून 'तुला कशामुळे वाईट वाटतं' हे प्रत्येकाला बोलायला लावलं. पाळी आली की बोलायचंच. त्या काळात आमच्या घरी बरंच काही बिनसलेलं होतं. ती खरं बोलणारी मुलगी आहे, तिने ते सांगून टाकलं. त्या तासाला सगळे गप्प बसून ऐकत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी खेळताना भांडण झालं आणि एका मुलीने तेच तिच्या तोंडावर फेकलं. तेव्हापासून ती शाळेत कुणालाच काही सांगत नाही. आम्हालाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं.

तिच्या बाईंचा हेतू चांगला होता. मी त्यांना भेटलो, त्यांनाही फार वाईट वाटलं. पण मुलांनी मन उघडावं असं म्हणताना, त्या उघडलेल्या मनाची राखण कोण करणार, याचा विचार कुणी केला नव्हता. मोठी माणसं तरी चाळीस जणांसमोर घरातलं बोलतात का?

माझं म्हणणं एवढंच आहे की हा तास ठेवा, पण 'मला आज बोलायचं नाही' हे उत्तर मुलाला देता आलं पाहिजे, आणि ते दिल्यावर त्याच्याकडे कुणी वळून पाहता कामा नये.


निळीशाई

मधली_सुट्टी, वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, त्याला संशोधनाचाही आधार आहे. ब्रिटनमध्ये ८० हून जास्त शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना घेऊन माइंडफुलनेसची, म्हणजे श्वासाकडे आणि मनात काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायच्या सरावाची, एक मोठी चाचणी झाली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. ११ ते १४ वयाच्या त्या मुलांचं मनःस्वास्थ्य नेहमीच्या तासांपेक्षा काही सुधारलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. सरसकट सगळ्यांना आत डोकावायला लावलं की भलंच होतं, असं धरून चालता येत नाही. नैराश्य किंवा आघात यांतून जाणाऱ्या मुलाला त्यातल्या जाणत्या माणसाची स्वतंत्र मदत लागते. वर्गातला तास ती जागा घेऊ शकत नाही.


ऐकणारा_कान

१४ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतोय. 'तोवर हात सुटला होता' याबद्दल लिहितो.

राग डोक्यात शिरला की शरीर आधी कामाला लागतं. छाती धडधडते, मुठी वळतात, कान तापतात. विचार करून थांबवणारा मेंदूचा जो भाग आहे, कपाळामागचा, तो सगळ्यात उशिरा परिपक्व होतो. पंचविशीच्या आसपासपर्यंत त्याची घडण चालू असते. दहा वर्षांच्या मुलाकडून त्या क्षणी पाच पायऱ्या आठवून त्यातली पहिली निवडण्याची अपेक्षा म्हणजे फार मोठी अपेक्षा आहे. त्या क्षणी आठवण उपयोगी पडत नाही, सवय पडते.

मराठीत आपण मुलाला 'वळण लावणं' म्हणतो आणि अक्षरालाही 'वळण' असतं. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं, कारण दोन्ही गिरवूनच येतात. 'क' कसा काढायचा हे तोंडी पाठ असून चालत नाही, बोटाला ते वळण पडावं लागतं. रागाचंही तसंच आहे. पाच पायऱ्या नकोत, एकच द्या, आणि ती शरीराने करायची असू द्या.

मार्क ग्रीनबर्ग आणि कॅरल कुशे यांच्या 'पॅथ्स' या अभ्यासक्रमात लहान मुलांसाठी कासवाची युक्ती आहे. राग आला की कासवासारखं कवचात जायचं, म्हणजे हात छातीशी घ्यायचे आणि श्वास घ्यायचा. यातली खुबी मला फार आवडते. हात छातीशी गेले की ते सुटायला मोकळेच राहत नाहीत! पाचवीतल्या मुलांना कासव व्हायला लाज वाटेल. त्यांच्याबरोबर बसून त्यांचीच खूण ठरवा. माझ्या एका गटातल्या मुलांनी दोन्ही तळवे बाकावर घट्ट दाबायचे असं ठरवलं होतं.

आणि मग ती खूण गिरवा. शांत असताना, रोज, दोन-तीन मिनिटं. 'समजा तुझी वही कुणीतरी ओढली' असा प्रसंग उभा करायचा, खरोखर वही ओढायची आणि तळवे दाबायचे. मुलं पहिल्यांदा हसतात. हसू द्या. दोन आठवड्यांनी हसणं कमी होतं आणि हात आपोआप बाकावर जायला लागतात. खऱ्या भांडणात ते दर वेळी जाणार नाहीत. आधी दहातून एकदा जातील. त्या एका वेळी आपलं लक्ष असायला हवं आणि तेव्हा त्याला सांगायला हवं, "मी पाहिलं, तू हात रोखलास." निव्वळ 'शाब्बास' पुरत नाही. त्याने नक्की काय केलं ते त्याला कळलं पाहिजे.

पेटी लागली त्या मुलीचं पुढे काय झालं? बहुतेक वेळा आपण फेकणाऱ्याकडे लक्ष देतो आणि जिला लागलं ती 'सॉरी' ऐकून घरी जाते.


पाटीपेन्सिल

ऐकणारा_कान सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी चपापले. खरं सांगते, मी त्याच्याकडून 'सॉरी' म्हणवून घेतलं, तिने 'इट्स ओके' म्हटलं, आणि मी गणिताचा तास सुरू केला. ती त्या दिवशी एकदाही हात वर करून बोलली नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. उद्या आधी तिच्याशी बोलते.


शब्दवेल

मी भाषा शिकवते, सातवी-आठवीला. माझा मुद्दा शब्दांचा आहे. तो थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

या पुस्तिकांमध्ये चार चेहरे असतात. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. मुलांनी त्यातला एक रंगवायचा. आता विचार करा, मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून हिरमुसलेली मुलगी कुठला चेहरा रंगवेल? बाईंनी सगळ्यांदेखत चूक दाखवली म्हणून ओशाळलेला मुलगा? तो बहुतेक 'रागावलेला' रंगवतो, कारण बाकीचे त्याहूनही लांबचे. आणि एकदा त्याने स्वतःला रागावलेला म्हटलं की तो रागावल्यासारखाच वागतो.

आपल्या भाषेत या गोष्टींना किती शब्द आहेत! खट्टू होणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. रुसण्यात समोरच्याने येऊन समजूत काढावी अशी आशा असते, चिडण्यात ती नसते. वैताग, चीड, संताप, चरफड, जळफळाट, धुसफुस, एवढ्या छटा एकट्या रागाच्या. भीतीला धास्ती आहे, धाकधूक आहे, धसका आहे. परीक्षेच्या आधी असते ती धाकधूक. एकदा मार बसल्यावर मनात घर करून राहतो तो धसका. खजील, ओशाळा, कानकोंडा हे शब्द मुलांना ठाऊकच नसतात आणि नेमक्या त्याच भावना त्यांना शाळेत दिवसभर येत असतात.

मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा एक प्रयोग आहे. भावना दिसत असलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आहे, पण वर्गात मला तसंच घडताना दिसतं. शब्द सापडला की मूल थोडं सैल होतं.

मी करते ते असं : आठवड्याला एकच शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. त्याचा अर्थ सांगत नाही. 'हा शब्द कधी वापराल' एवढंच विचारते. स्वतःचं काही सांगायची सक्ती नाही, धड्यातल्या पात्राबद्दल बोललं तरी चालतं. मधली_सुट्टी यांनी वर जे लिहिलंय त्यावर गोष्ट हा फार चांगला उपाय आहे. गोष्टीतल्या मुलाला काय वाटलं असेल यावर बोलताना मुलं स्वतःबद्दलच बोलत असतात, पण त्यांच्या घरावरचा पडदा तसाच राहतो.

मागच्या वर्षी 'कानकोंडं' हा शब्द झाला, त्याच आठवड्यात एक मुलगा वर्गाबाहेर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, मला उभं करून वाचायला सांगता ना, तेव्हा मी कानकोंडा होतो." तो तोवर 'कंटाळा येतो' म्हणायचा आणि मी त्याला आळशी समजत होते. चूक माझी होती. त्याला वाचताना अडचण येत होती.


शेवटचा_बाक

शब्दवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी तिशी ओलांडलीय, शाळा सुटून जमाना झाला. शाळेत मला चार वर्षं रोज चिडवायचे. बोलताना अडखळायचो म्हणून. चिडवणारे तिघं होते. त्या तिघांवर माझा आता राग नाही. पण बाकीचे पंचेचाळीस जण बघत असायचे, ते चेहरे अजून आठवतात. त्यातले बरेच चांगले होते, एकटे भेटले की नीट बोलायचे.

मोठा झाल्यावर फिनलंडमधल्या 'किवा' या कार्यक्रमाबद्दल वाचलं. टुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला आणि २००९ पासून तो देशभरातल्या शाळांत गेला. त्याचा रोख मुख्यतः बघणाऱ्यांवर आहे. छळणाऱ्याला बळ मिळतं ते बघ्यांच्या हसण्यातून आणि गप्प बसण्यातून. म्हणून वर्गाला शिकवायचं ते हे की हसू नका, जमलं तर त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहा, मोठ्यांना सांगा. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

पाटीपेन्सिल बाई, राग आवरणं शिकवाच. त्याबरोबर तुमच्या वर्गातल्या बाकीच्या पस्तीस जणांनाही काहीतरी काम द्या. पूल तुडवला गेला तेव्हा ते काय करत होते?


खडूची_धूळ

सव्वीस वर्षं शिकवतोय. वर जे लिहिलंय त्यातल्या बहुतेक गोष्टी पटतात, पण शिक्षकाची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितोय.

मुलं पुस्तिकेतून शिकत नाहीत, ती आमच्याकडे बघून शिकतात. वर्गात गोंधळ झाला की मी टेबलावर डस्टर आपटायचो. वर्षानुवर्षं आपटत होतो. एकदा माझ्या वर्गातली मुलं 'शाळा शाळा' खेळत होती आणि जो सर झाला होता त्याने पहिली गोष्ट केली ती पट्टी आपटण्याची. मी दारात उभा होतो. रागाचा धडा मी रोज देत होतो, फक्त तो कुठल्या वेळापत्रकात नव्हता.

पण शिक्षक डस्टर का आपटतो, हेही पाहा. गच्च भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, तपासायच्या वह्या, भरायची माहिती. त्यात आणखी एक विषय, त्याचं प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं. ज्याचं स्वतःचं भांडं रिकामं झालंय तो मुलांना काय वाढणार? कॅनडात एव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायकल यांनी चौथी ते सातवीच्या वर्गांत मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं होतं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. ज्या वर्गातले शिक्षक जास्त थकलेले, उबगलेले होते तिथल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त होतं. शिक्षकामुळे मुलं ताणात होती की मुलांमुळे शिक्षक, हे त्यावरून ठरत नाही. पण दोघांचा ताण एकमेकांत उतरतो एवढं तर दिसतं.

म्हणून शाळा चालवणाऱ्यांना सांगणं आहे की हा तास आणायचा असेल तर आधी शिक्षकांचा एक तास कमी करा. आणि वर्गात आवाज चढला तर नंतर मुलांसमोर तसं कबूल करा. मी ते करायला लागलो. 'मघाशी मी ओरडलो, ते चुकलं. मला वैताग आला होता, पण तो तुमच्यावर काढायला नको होता.' पहिल्यांदा म्हणालो तेव्हा वर्ग इतका शांत झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. पण माफी कशी मागायची हे त्यांनी तेव्हा पाहिलं.


मधली_सुट्टी

खडूची_धूळ सर, हे आम्हा पालकांनाही तितकंच लागू आहे. काल रात्रीच मी मुलीवर विनाकारण ओरडलो होतो. आज सकाळी तिच्याशी बोललो.

एक विचारायचं होतं. शाळेने आता या विषयाला श्रेणी द्यायचं ठरवलंय, प्रगतिपुस्तकात 'संयम : ब' असं लिहून येणार आहे. हे योग्य आहे का?


निळीशाई

मला ते घातक वाटतं. संयमाची मोजणी किती निसरडी असते याचं उदाहरण सांगते. मार्शमॅलोचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. समोरची गोळी लगेच खाल्ली नाही तर नंतर दोन मिळतील, आणि जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली, असं सांगितलं जातं. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांवर हे पुन्हा तपासलं. तो संबंध मूळच्या निम्म्याच्या आसपास आढळला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी बराच घटला.

त्याआधी, २०१३ साली, सेलेस्ट किड यांच्या गटाने त्याहूनही बोलका प्रयोग केला. फक्त २८ मुलं होती. खाऊ देण्याआधी मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो असं वचन दिलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळलं, निम्म्यांच्या बाबतीत मोडलं. ज्यांना रंग मिळाले ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याशी वचन मोडलं ती साधारण ३ मिनिटं. समोरचा माणूस शब्द पाळत नाही हे ज्याला कळलंय त्याने का थांबावं? त्याच्या प्रगतिपुस्तकात 'संयम : क' लिहिलं तर ती श्रेणी खरं म्हणजे कुणाची?

मुलाला काय जमायला लागलं याची नोंद शिक्षकाने जरूर ठेवावी. पण ती पुढे काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी. मुलावर शिक्का मारायला नको.


ऐकणारा_कान

अनुमोदन. श्रेणी लागली की मुलं शांत असल्याचं दाखवायला शिकतात. आतली वाफ तशीच राहते.


पाटीपेन्सिल

तीन आठवडे झाले. सगळ्यांचे प्रतिसाद कागदावर उतरवून घेतले होते. काय केलं आणि काय झालं ते लिहिते.

आधी त्या मुलीशी बोलले. 'सॉरी' झाल्यावर तुला बरं वाटलं का, असं विचारलं. ती म्हणाली, "नाही. पण 'इट्स ओके' म्हणावंच लागतं ना." मग तुला काय हवंय विचारल्यावर तिने लगेच सांगितलं, जागा बदलून हवी, त्याच्या मागे बसायचं नाही. मी त्याला हे सांगितलं आणि त्याच्याच हाताने तिचं दप्तर नव्या जागी ठेवायला लावलं. वाद न घालता त्याने ते केलं. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, ती त्याच्यापासून लांबच राहायची. मीही घाई केली नाही.

पुस्तिका बाजूला ठेवली. पूर्ण सोडलेली नाही, तिच्यातल्या गोष्टी चांगल्या आहेत, त्या वाचतो. आठवड्याचा तास मुख्याध्यापकांना विचारून रोजच्या आठ मिनिटांत वाटून घेतला. मुलांनी खूण ठरवली : दोन्ही हात काखेत. कासवाचंच मोठं भावंड! रोज एक प्रसंग करून बघतो. शेवटचा_बाक यांच्या प्रश्नावर वर्गात बोललो तेव्हा एक मुलगा म्हणाला, "पूल तुटला तेव्हा आम्ही 'ओऽऽ' केलं." आणि मग सगळेच गप्प झाले. आता त्यांनीच ठरवलंय की कुणाचं काही तुटलं तर 'ओऽऽ' करायचं नाही, खाली वाकून तुकडे गोळा करू लागायचं. तो 'ओऽऽ' किती मोठा आवाज होता हे मला तेव्हा जाणवलंच नव्हतं. त्याचा हात सुटण्याआधीच्या दोन सेकंदांत तो आवाज त्याच्या कानात होता.

फळ्याच्या कोपऱ्यात शब्द येतोय. 'चरफड' मुलांना फार आवडला, दिवसभर तोच.

आता त्या मुलाचं. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने एकाची वही फाडली, पण दहा मिनिटांनी स्वतःहून येऊन सांगितलं, तोवर मला पत्ताही नव्हता. या सोमवारी शेजारच्याचा कोपर लागून त्याच्या चित्रावर पाणी सांडलं. मी बघत होते. तो ताडकन उठला, हात काखेत गेले, चेहरा लालबुंद. तसाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिकडूनच ओरडला, "मी जाम चिडलोय, आत्ता माझ्याशी बोलू नका कुणी!" ओरडला हे खरं. पण हात काखेतच होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मी पाहिलं, हात रोखलेस." तो काही बोलला नाही, मान हलवली.

मंगळवारी मी स्वतः एकीवर ओरडले, वही आणली नाही म्हणून. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांसमोर चूक कबूल केली. खडूची_धूळ सर, वर्ग तसाच शांत झाला, तुम्ही लिहिलं होतं तसा.

काल त्याने पूल पुन्हा करायला घेतला. गोंद वाळेपर्यंत दोन टोकं कुणीतरी धरायला हवी होती. दोन मुलगे आले. थोड्या वेळाने ती मुलगीही आपल्या नव्या जागेवरून उठली आणि मधला भाग वाकतोय म्हणून तिथे बोट लावून उभी राहिली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पुलाबद्दल बोलत होते. मधोमध एक खांब हवा, असं दोघांचंही म्हणणं पडलं. उद्या जाडसर पुठ्ठा घेऊन जाते.